निळ्या डागापासून हिरव्या पेशीपर्यंत

यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशीत जनुकांचा संच जवळपास एकच असतो. तरी एक पित्त बनवते आणि दुसरी प्रकाश टिपते. कोणते जनुक कुठे, कधी आणि किती कामाला लागते, यावर सगळा फरक अवलंबून असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जीवशास्त्रज्ञांना एवढा अंदाज आला होता. अडचण वेगळीच होती. जनुक कामाला लागले तरी पेशी बाहेरून तशीच दिसते. तयार होणारे प्रथिन बहुतेक वेळा रंगहीन असते, आणि असतेही इतके थोडे की ते शोधायला पेशी फोडावी लागते. म्हणजे पेशी जिवंत असताना काय करत होती, हे ती मेल्यावरच विचारता येत असे.

या अडचणीतून वाट काढणाऱ्या युक्तीला आज रिपोर्टर जनुक म्हणतात. ती एका माणसाने एका दिवशी शोधलेली नाही. पॅरिसमधले जिवाणू, डेट्रॉइटमधले एक रसायन, बाल्टिमोरचे काजवे आणि वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरचे जेलीफिश यांच्यामार्फत ती पन्नास वर्षांत हळूहळू घडली. प्रत्येक टप्प्यावर संशोधकाला पेशीत थोडी कमी ढवळाढवळ करावी लागली, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला विचारता येणारे प्रश्नही बदलले.

पॅरिसमधला पिवळा रंग

१९४१ साली जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये झाक मोनो सॉर्बोन विद्यापीठात ई. कोलाय जिवाणूंच्या वाढीचे आलेख काढत होते. ग्लुकोज आणि लॅक्टोज या दोन साखरा एकत्र दिल्या की आलेखाला दोन चढ येत. जिवाणू आधी ग्लुकोज संपवत, मग वाढ काही काळ थांबे आणि नंतर लॅक्टोजवर पुन्हा सुरू होई. मधल्या थांब्यात पेशी लॅक्टोज तोडणारे एन्झाइम बनवायला घेत होत्या. हेच बीटा-गॅलॅक्टोसिडेज. लॅक्टोज नसताना ते जिवाणूत नावापुरते असते, आणि लॅक्टोज मिळून ग्लुकोज संपले की त्याचे प्रमाण सुमारे हजारपट वाढते.

महायुद्ध संपल्यावर मोनो पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि पुढची अनेक वर्षे याच एन्झाइमभोवती फिरत राहिले. एन्झाइम मोजायला सोपे होते, आणि १९५० मध्ये अमेरिकेत जोशुआ लेडरबर्ग यांनी ते आणखी सोपे केले. लॅक्टोजऐवजी त्यांनी ओएनपीजी नावाचा एक रंगहीन पदार्थ वापरला. एन्झाइमने तो तोडला की पिवळा रंग सुटतो. रंग जितका गडद, तितके एन्झाइम जास्त. जनुकाचे काम आता परीक्षानळीत रंगाच्या रूपाने मोजता येऊ लागले.

या मोजमापाच्या बळावर मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी १९६१ मध्ये ओपेरॉनची कल्पना मांडली. लॅक्टोजची तीन जनुके डीएनएवर शेजारी शेजारी असतात आणि एकाच नियंत्रणाखाली चालू-बंद होतात. रिप्रेसर नावाचे प्रथिन डीएनएला चिकटून बसते तोवर काम बंद, आणि ते सुटले की काम सुरू. १९६५ चे नोबेल जाकोब, मोनो आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी आंद्रे ल्वोफ यांना मिळाले.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र कायम होती. परीक्षानळीतला पिवळा रंग कोट्यवधी जिवाणूंची सरासरी सांगतो. १९५७ मध्ये शिकागोत अ‍ॅरन नोविक आणि मिल्टन वायनर यांनी त्या सरासरीवर शंका घेतली. चालना देणारा पदार्थ अगदी कमी दिला की एन्झाइमही मध्यम प्रमाणात दिसे. मग सगळ्या पेशी अर्धवट काम करतात, की काही पूर्ण आणि बाकीच्या मुळीच नाही? एकेक पेशी पाहण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. तरी प्रयोगांची चतुर मांडणी करून त्यांनी दुसरा पर्याय खरा असल्याचे दाखवले: पेशी एक तर पूर्ण चालू असते किंवा पूर्ण बंद. हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायला पुढे जवळपास अर्धे शतक जावे लागले.

दुसऱ्याच्या ताब्यातले जनुक

जनुकाचे ढोबळपणे दोन भाग मानता येतात. एक भाग प्रथिन कसे बनवायचे ते सांगतो. त्याच्या आधीचा भाग, म्हणजे प्रमोटर आणि त्याच्या आसपासचा नियंत्रक डीएनए, ते काम केव्हा सुरू करायचे ते ठरवतो. हे दोन भाग एकमेकांपासून तोडता येतात आणि वेगळ्या जोड्या लावता येतात, हे १९६५ मध्ये जाकोब, अ‍ॅग्नेस उल्मान आणि मोनो यांनी दाखवले. ई. कोलायच्या गुणसूत्रातला एक तुकडा गळून लॅक्टोजची जनुके प्युरिन बनवणाऱ्या जनुकांना जाऊन चिकटली, असे जिवाणू त्यांनी निवडून काढले. त्यांच्यात बीटा-गॅलॅक्टोसिडेज लॅक्टोजला दाद देईना. ते प्युरिनच्या हुकमाने चालू लागले.

पुढे हार्वर्ड मेडिकल स्कूलमधले जॉन बेकविथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच जनुके ट्रिप्टोफान बनवणाऱ्या यंत्रणेला जोडली. आता पिवळ्या रंगावरून ट्रिप्टोफानचे नियंत्रण मोजता येत होते, आणि लॅक्टोजचा त्याच्याशी काही संबंध उरला नव्हता. रिपोर्टर जनुकाची कल्पना इथे पुरी झाली: ज्या जनुकाविषयी कुतूहल आहे त्याचा प्रमोटर घ्यायचा आणि त्याच्यापुढे सहज मोजता येईल असे परके जनुक लावायचे.

शेतात विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरशेजारी एक बल्ब लावून ठेवतात. रात्री घराच्या ओट्यावरून तो पेटलेला दिसला की लाइट आली हे कळते, तेवढ्यासाठी अंधारातून विहिरीपर्यंत जावे लागत नाही. रिपोर्टर जनुक या बल्बचे काम करते. बल्बवरून लाइट आल्याचे समजते, विहिरीतून पाणी आले की नाही हे मात्र समजत नाही. या पद्धतीची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही या एका गोष्टीत आहेत.

बेकविथ यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले जेफ्री मिलर यांनी १९७२ मध्ये आण्विक आनुवंशिकीच्या प्रयोगांचे पुस्तक लिहिले. त्यातली बीटा-गॅलॅक्टोसिडेज मोजायची रीत इतकी रूढ झाली की त्याचे एककच मिलर युनिट या नावाने ओळखले जाते. जगभरचे विद्यार्थी आजही तीच कृती गिरवतात.

नीळ

पिवळा रंग द्रवात मिसळून जातो. तबकडीवर वाढणाऱ्या हजारो वसाहतींपैकी नेमकी कोणती काम करते आहे, ते त्यावरून ओळखता येत नाही. ती सोय दुसऱ्या एका रसायनाने केली. डेट्रॉइटमध्ये कर्करोगावर संशोधन करणारे रसायनशास्त्रज्ञ जेरोम हॉरविट्झ यांच्या गटाने १९६४ मध्ये एक्स-गॅल बनवले. त्याच वर्षी त्यांनी एझेडटी हे औषधही बनवले. कर्करोगावर ते निरुपयोगी ठरून बाजूला पडले आणि १९८७ मध्ये एड्सवरचे पहिले मान्यताप्राप्त औषध म्हणून परत आले.

एक्स-गॅल रंगहीन असते. बीटा-गॅलॅक्टोसिडेजने त्यातली साखर तोडली की उरलेले रेणू हवेतल्या ऑक्सिजनमुळे दोन-दोन जोडले जातात आणि गडद निळा रंग तयार होतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे जिथे तयार होतो तिथेच बसतो. रसायनाच्या दृष्टीने तो नीळच आहे. फरक एवढाच की त्यात ब्रोमीन आणि क्लोरीनचे अणू जोडलेले आहेत. बंगाल-बिहारच्या निळीच्या हौदांत झाडाचा पाला कुजवून, पाणी घुसळून जी क्रिया घडवत, तीच आता एका जिवाणूच्या वसाहतीत घडू लागली.

एवढे होऊनही एक मर्यादा होती. कोणत्या जनुकाविषयी विचारायचे हे संशोधकाला आधीच ठाऊक असावे लागे. ती मर्यादा माल्कम कॅसाडाबान यांनी दूर केली. बेकविथ यांच्याकडे विद्यार्थी असताना त्यांनी म्यू नावाच्या विषाणूचा उपयोग केला. हा विषाणू जिवाणूच्या डीएनएमध्ये कुठेही घुसतो. १९७६ मध्ये त्यांनी त्याच्या मदतीने लॅक्टोजची जनुके हव्या त्या प्रमोटरच्या ताब्यात द्यायची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत १९७९ मध्ये त्यांनी ती आणखी सोपी केली. विषाणूतच प्रमोटर नसलेले लॅक्टोजचे जनुक बसवायचे आणि तो जिवाणूंवर सोडायचा. तो जिथे घुसेल तिथला प्रमोटर त्या जनुकाला चालवेल. जनुक कोणते हे आधी माहीत असण्याची गरज उरली नाही.

याचा अर्थ काय, हे १९८० मध्ये एमआयटीत दिसले. सिंथिया केनयन तेव्हा ग्रॅहम वॉकर यांच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी कॅसाडाबान यांच्या विषाणूने लॅक्टोजचे जनुक जिवाणूंच्या डीएनएत अंदाधुंद पेरले आणि असंख्य वसाहती वाढवल्या. प्रत्येक वसाहत दोन प्रकारच्या तबकड्यांवर तपासली. एकीत डीएनएला इजा करणारे मायटोमायसिन होते, दुसरीत नव्हते. इजा झाली तरच ज्या वसाहती रंग दाखवतील त्या त्यांना हव्या होत्या. तशा काही मिळाल्या. डीएनएला धक्का बसताच जागी होणारी ही जनुके, म्हणून त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'डिन' हे नाव मिळाले. त्यांतले डिन-बी काय करते हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. ते डीएनएची नक्कल करणारे, पण चुका करणारे एक एन्झाइम बनवते, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. ते जनुक कशासाठी आहे हे कळायच्या एकोणीस वर्षे आधी ते केव्हा जागे होते हे कळले होते, आणि ते एका रंगावरून.

हीच रीत १९८७ मध्ये बाझेलमध्ये काहिर ओकेन आणि वॉल्टर गेरिंग यांनी फळमाशीवर चालवली. एका उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात त्यांनी लॅक्टोजचे जनुक दुबळ्या प्रमोटरसह बसवले. ते एकटे काही करत नाही. पण आसपास जोरकस नियंत्रक भाग असला की चालू होते. प्रत्येक माशीच्या वंशात ते वेगळ्या जागी पडले, आणि गर्भ निळे रंगवल्यावर प्रत्येक वंशात वेगळी नक्षी उमटली: कुठे मज्जासंस्थेत, कुठे शरीराच्या ठरावीक पट्ट्यांत. माशीच्या अंगात जनुकांचा नकाशा कसा पसरलेला आहे, हे त्यातून दिसू लागले. मात्र माशी रंगवायची तर आधी तिला मारावे लागे.

किडे, पाने आणि काजवे

जिवाणूंबाहेर लॅक्टोजचे जनुक नेहमीच सोयीचे नव्हते. काही प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या पेशींत स्वतःचे तत्सम एन्झाइम असते. मग परका रंग कोणता आणि घरचा कोणता, हे सांगणे कठीण होते. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत कॉर्नेलिया गोरमन, एल. मोफॅट आणि ब्रूस हॉवर्ड यांनी दुसरा पर्याय काढला. काही जिवाणूंत क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक निष्प्रभ करणारे एक एन्झाइम असते. सस्तन प्राण्यांच्या पेशींत ते नसतेच. त्यामुळे ते सापडले तर ते नक्की आपण घातलेल्या जनुकाचेच. किरणोत्सारी क्लोरॅम्फेनिकॉल, पेशींचा काढा आणि एक्स-रे फिल्मवर उमटणारे काळे ठिपके यांतून मिळणारे आकडे त्या दशकात प्रमोटरचा अभ्यास करणाऱ्या अनेक प्रयोगशाळांचा दिनक्रम झाले.

वनस्पतींसाठीचा उपाय रिचर्ड जेफरसन यांनी शोधला. कोलोरॅडोत सूत्रकृमींवर काम करताना त्यांनी ई. कोलायमधलेच बीटा-ग्लुकुरोनिडेज हे एन्झाइम रिपोर्टर म्हणून घडवले. मग ते इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले. तिथे टोनी कॅव्हनॉ आणि मायकेल बेव्हन यांच्यासोबत १९८७ मध्ये त्यांनी ते वनस्पतींत वापरून दाखवले. बहुतेक वनस्पतींत स्वतःचे असे एन्झाइम फारच कमी असते. पान किंवा मूळ योग्य रसायनात बुडवले की जनुक जिथे काम करते तिथेच निळा रंग उमटे. मुळाच्या टोकाला, पानाच्या शिरांत, परागकोशात जनुक कुठे जागे आहे, हे नुसत्या डोळ्यांनी दिसू लागले.

जेफरसन यांनी आणखी एक गोष्ट केली. निबंध छापून येण्याआधीच त्यांनी जनुक आणि ते वापरायची तपशीलवार कृती शेकडो प्रयोगशाळांना पाठवून दिली. जीयूएस या नावाने ही पद्धत काही वर्षांतच वनस्पतिशास्त्रात सर्वत्र पसरली. तिच्या गुणांइतकेच त्या टपालाचेही ते श्रेय होते.

काजव्यांची कथा त्याच्याही आधीची. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय यांनी १९४७ मध्ये काजव्याच्या प्रकाशाला एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतो हे सिद्ध केले. प्रयोगांसाठी लागणारे काजवे ते शहरातल्या पोरांकडून विकत घेत. दर होता शंभर काजव्यांना पंचवीस सेंट. पुढे हे काम सॅन दिएगोत गेले. तिथे मॅकेलरॉय यांच्या पत्नी मार्लीन डिलुका आणि डोनाल्ड हेलिन्स्की यांच्या गटांनी १९८५ मध्ये काजव्याच्या ल्युसिफरेजचे, म्हणजे प्रकाश निर्माण करणाऱ्या एन्झाइमचे, जनुक वेगळे केले. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये 'सायन्स'मध्ये एक छायाचित्र आले. त्यात काळोखात अख्खे तंबाखूचे झाड उजळलेले होते. त्याला ल्युसिफेरिनचे, म्हणजे ल्युसिफरेज ज्यापासून प्रकाश काढते त्या पदार्थाचे, पाणी घातले होते, आणि पानांतून, शिरांतून आलेल्या प्रकाशानेच ते छायाचित्र उमटले होते.

ही फक्त गंमत नव्हती. प्राण्यांच्या ऊती एक्स-गॅलने रंगवायच्या तर सहसा पेशी माराव्या लागतात. ल्युसिफरेजला मात्र पेशी जिवंत असावीच लागते, कारण एटीपीशिवाय प्रकाश नाही. शिवाय ल्युसिफरेज पेशीत फार काळ टिकत नाही, काही तासांत मोडते, त्यामुळे प्रकाशाची तीव्रता जनुकाच्या चढउताराबरोबर चढते-उतरते. १९९५ मध्ये व्हर्जिनियात अँड्र्यू मिलर आणि स्टीव्ह के यांनी याचा फायदा घेतला. दिवसा-रात्री बदलणाऱ्या एका जनुकाचा प्रमोटर ल्युसिफरेजला जोडून त्यांनी मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसची रोपे कॅमेऱ्यासमोर ठेवली. बहुतेक रोपे सुमारे चोवीस तासांच्या लयीत उजळत आणि मंदावत होती. ज्यांची लय छोटी, सुमारे एकवीस तासांची होती, ती रोपे वेगळी काढून त्यांनी वनस्पतीच्या जैविक घड्याळाचे एक जनुक शोधले.

दहा हजार जेलीफिश

तरीही ल्युसिफेरिन बाहेरून घालावेच लागत होते. बाहेरून काहीच न घालता चालणारा रिपोर्टर शोधायला कोणी निघालेच नव्हते. तो दुसऱ्याच शोधात हाती लागला.

ओसामु शिमोमुरा सोळा वर्षांचे असताना नागासाकीजवळच्या इसाहाया गावातल्या कारखान्यात काम करत होते. ९ ऑगस्ट १९४५ च्या स्फोटाच्या झोताने काही क्षण त्यांची दृष्टी गेली होती. युद्धानंतर त्यांनी नागोयात चमकणाऱ्या एका सागरी जीवातला प्रकाश देणारा पदार्थ शुद्ध स्फटिकरूपात मिळवला. त्या कामामुळे प्रिन्स्टनच्या फ्रँक जॉन्सन यांनी त्यांना बोलावून घेतले. १९६१ च्या उन्हाळ्यात दोघे मोटारीने अमेरिका पार करून वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला पोचले. तिथल्या समुद्रात एक्वोरिया नावाचे जेलीफिश थव्याने येतात आणि त्यांच्या छत्रीच्या कडेला हिरवा प्रकाश दिसतो.

त्यांनी सुमारे दहा हजार जेलीफिश पकडले, छत्रीची कड कात्रीने कापली आणि ती पातळ कापडातून पिळून घेतली. प्रकाश देणारा पदार्थ काही केल्या वेगळा होईना. एके दिवशी काम संपवून शिमोमुरांनी अर्क मोरीत ओतला. त्या मोरीत मत्स्यालयाचे खारे पाणीही येत असे. अर्क पाण्याला लागताच निळा झगमगाट झाला. समुद्रातले कॅल्शियम हा प्रकाशाचा चाप होता. मग कॅल्शियम बांधून ठेवणारा पदार्थ घालून त्यांनी एक्वोरिन हे प्रथिन शुद्ध केले. दहा हजार जेलीफिशांतून ते सुमारे ५ मिलिग्रॅम मिळाले. १९६२ च्या निबंधाचा विषय तेच होते. एका तळटीपेत मात्र आणखी एका प्रथिनाचा उल्लेख होता. अतिनील प्रकाशात ते चकचकीत हिरवे दिसे. एक्वोरिन निळा प्रकाश देते, हे दुसरे प्रथिन तो घेऊन हिरवा करते. पुढे त्याचे नाव जीएफपी पडले. १९७९ मध्ये शिमोमुरांनी दाखवले की त्याचा रंग देणारा भाग त्या प्रथिनाच्या साखळीतल्याच अमिनो आम्लांतून बनलेला आहे.

दोन पत्त्यांवरचे पाकीट

मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेतले डग्लस प्रॅशर यांना १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाटले की हे हिरवे प्रथिन रिपोर्टर होऊ शकेल. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांना अनुदान दिले. जेलीफिशांच्या पेशींतून त्यांनी जीएफपीचे जनुक शोधून काढले आणि १९९२ मध्ये त्याच्या २३८ अमिनो आम्लांचा क्रम प्रसिद्ध केला. पण तोवर अनुदान संपले होते आणि संस्थेत कायम होण्याची शक्यता दिसेना. निघण्याआधी त्यांनी ते जनुक दोघा मागणाऱ्यांना पाठवून दिले: न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले मार्टिन चाल्फी आणि सॅन दिएगोतले रॉजर चिएन.

चाल्फी सूत्रकृमीच्या स्पर्शाच्या चेतापेशींवर काम करत होते. हा कृमी काचेसारखा पारदर्शक, पण जनुके पाहायची तर त्याला मारून रंगवावे लागे. १९८९ मध्ये एका व्याख्यानात जीएफपीचा उल्लेख आला आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते बसले. प्रॅशर यांना फोन झाला, जनुक मिळाले की कळवायचे ठरले, मग दोघांचा संपर्क तुटला. १९९२ मध्ये चाल्फी यांनी साहित्यात शोध घेतला तेव्हा प्रॅशर यांचा निबंध दिसला.

बरेच तज्ज्ञ तेव्हा म्हणत की रंग देणारा भाग बनायला जेलीफिशची आणखी काही एन्झाइम लागतील, मग परक्या पेशीत हे प्रथिन चमकणार कसे? चाल्फी यांनी हे काम नवी विद्यार्थिनी घिया युस्किर्शन हिला दिले. तिने आलेला डीएनए जशाच्या तसा वापरला नाही. फक्त प्रथिन सांगणारा भाग पीसीआर या डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पद्धतीने उचलला, अलीकडचा-पलीकडचा डीएनए टाकून दिला. नंतर कळले की हीच निवड निर्णायक होती. तो जास्तीचा डीएनए ठेवणाऱ्यांना काहीच दिसले नव्हते. महिन्याभरात तिचे ई. कोलाय हिरवे चमकले. जेलीफिशचे दुसरे काहीच लागले नाही. लागला फक्त ऑक्सिजन आणि निळा प्रकाश.

मग जीएफपी स्पर्शपेशींत काम करणाऱ्या एका जनुकाच्या प्रमोटरमागे बसवले गेले, आणि जिवंत कृमीच्या अंगात चेतापेशी हिरव्या दिसू लागल्या. 'सायन्स'मध्ये हा निबंध ११ फेब्रुवारी १९९४ रोजी आला, लेखकांत प्रॅशर यांचेही नाव होते. चाल्फी यांच्या पत्नी टुली हेझलरिग फळमाशीवर काम करत. जीएफपी दुसऱ्या प्रथिनाला जोडूनही चमकते, हा आपला अप्रसिद्ध निष्कर्ष निबंधात नमूद करायला त्यांनी नवऱ्याला लेखी परवानगी दिली, पण अटी घालून: शनिवारी सकाळी साडेआठच्या आत कॉफी तयार हवी, एक खास फ्रेंच जेवण, आणि महिनाभर रोज रात्री कचरा टाकून येणे.

चिएन यांनी दुसरे काम केले. त्यांनी जीएफपीतली अमिनो आम्ले बदलून ते अधिक तेजस्वी केले, आणि निळे, निळसर हिरवे, पिवळे असे प्रकार घडवले. १९९९ मध्ये मॉस्कोतल्या सर्गेई लुक्यानोव्ह यांच्या गटाने मत्स्यालयात पाळल्या जाणाऱ्या प्रवाळवर्गी जीवांतून लाल प्रथिन मिळवले. आता एकाच पेशीत दोन-तीन जनुके वेगवेगळ्या रंगांत पाहता येत होती.

८ ऑक्टोबर २००८ रोजी शिमोमुरा, चाल्फी आणि चिएन यांना रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. प्रॅशर तेव्हा अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये एका मोटारविक्रीच्या दुकानात ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि चिएन यांनी त्यांना आणि त्यांच्या पत्नीला आपल्या खर्चाने स्टॉकहोमला नेले. नोबेल एका वेळी तिघांपलीकडे जात नाही, पण या शोधाला जेवढे हात लागले त्यांची गणती तीनमध्ये बसत नाही.

सरासरीच्या पलीकडे

हिरव्या पेशींनी जुने प्रश्न नव्याने उघडले. २००२ मध्ये मायकेल इलोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलायमध्ये दोन रंगांचे दोन रिपोर्टर एकसारख्या प्रमोटरखाली बसवले. जनुके तीच, अन्न तेच, प्रमोटरही तेच. तरी पेशी-पेशींत रंगांचे प्रमाण वेगळे निघाले. जनुकांच्या कामात नशिबाचा वाटा असतो आणि तो मोजता येतो, हे त्यातून दिसले. दोन वर्षांनी एमआयटीत एर्तुग्रुल ओझबुदाक, मुकुंद थत्तई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅक्टोजच्या प्रमोटरमागे जीएफपी लावले. मंद चालना दिल्यावर पेशींचे दोन गट पडले, एक उजळ आणि एक अंधारा. मधले जवळजवळ कोणी नव्हते. नोविक आणि वायनर यांनी १९५७ मध्ये आडमार्गाने मांडलेले अनुमान आता डोळ्यांसमोर होते.

तरी रिपोर्टर सगळे सांगत नाही, आणि त्याच्याशी रोज काम करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. त्याला कळते फक्त प्रमोटर चालू झाला एवढेच. मूळ जनुकावरून उतरवलेली प्रत, म्हणजे आरएनए, पुढे मोडली गेली, प्रथिन बनलेच नाही किंवा बनून लगेच नष्ट झाले, यांपैकी काहीही रिपोर्टर सांगत नाही. जीएफपी स्वतः फार टिकाऊ आहे, सस्तन प्राण्यांच्या पेशीत त्याचे निम्मे आयुष्य सुमारे २६ तासांचे. म्हणजे जनुक बंद पडल्यावरही पेशी दिवसभर हिरवी राहते. म्हणून १९९८ मध्ये मुद्दाम लवकर मोडणारे, सुमारे दोन तासांचे जीएफपी बनवावे लागले. आणि एखाद्या जनुकाचा नियंत्रक भाग गुणसूत्रावर हजारो अक्षरे दूर असला, तर जवळचाच तुकडा तोडून लावलेला रिपोर्टर चुकीचे उत्तर ठामपणे देतो.

आज एकेका पेशीतला आरएनए वाचून हजारो जनुकांची मोजदाद एकाच वेळी करता येते. ती पद्धत रिपोर्टरपेक्षा कितीतरी व्यापक आहे, पण तिला पेशी फोडावी लागते आणि एकाच क्षणाची नोंद मिळते. तीच पेशी तासाभराने काय करणार होती, हे तिला विचारता येत नाही. रिपोर्टर फार तर दोन-तीन जनुकांविषयी सांगतो, पण पेशी जगत, विभागत आणि बदलत असताना सांगतो. जनुक केव्हा जागे होते हा प्रश्न वेळेचा आहे, आणि वेळेच्या प्रश्नाला जिवंत पेशीच उत्तर देऊ शकते. म्हणूनच मोजण्याची याहून मोठी यंत्रे आल्यावरही प्रयोगशाळेत हिरव्या पेशींचे काम संपलेले नाही.